कच्ची कॅसेट

परवा मूल गावच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक बाई मांडीवर बोचकं घेऊन बसली होती. बस सुटली, खिडकीतून झोत आला आणि त्या बोचक्यातला मोहाचा वास थेट माझ्या नाकात शिरला. ओलसर, गोड, किंचित आंबूस. सवय नसलेली माणसं या वासानं नाकाला रुमाल लावतात, मी मात्र पुढे सरकून बसलो. कंडक्टरनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा खांद्यावर बोट टोचलं. "कुठी जाऊन राह्यले काका?" मला दोन क्षण खरंच सांगता येईना.

मोह गळायला लागला की आमच्याकडचा माणूस शहरात राहत असला तरी निम्मा जंगलात असतो. शिमगा होऊन जातो, पळसाचा भर ओसरतो, आणि एके दिवशी पहाटे झाडाखाली फिकट पिवळी फुलं पसरलेली दिसतात. त्याच्या आधीच बायांनी झाडाखालचा पालापाचोळा जाळून जमीन साफ केलेली असते, म्हणजे एकही फूल पानाखाली हरवत नाही. जळक्या पानांचा वास आणि त्यावर हा मोहाचा वास, असा तो हंगाम. मी छत्तीस वर्षं ऊर्जानगरला वीज केंद्रात नोकरी केली. तिथं हवेत राख. दोरीवरचे कपडे झटकल्याशिवाय घडी करायची सोय नव्हती. पण मार्च संपत आला की मोहर्लीकडचा कुणी, चिमूरकडचा कुणी गावाहून सुटी संपवून ड्युटीवर यायचा आणि त्याच्या पिशवीला हा वास असायचा. कंपनीच्या बसमधून तो माझ्या शर्टावर चढायचा. माझी बायको मंदा दारातच ओळखायची. "मोह लागला वाटते," म्हणायची, आणि मग दोन दिवस तिचं घरात लक्ष नसायचं.

मंदाचे वडील फॉरेस्ट गार्ड होते. गडचिरोलीत, धानोऱ्याच्याही पलीकडे, आत, कोसमटोला म्हणून गाव आहे, तिथं त्यांची नेमणूक झाली आणि वरचे साहेब त्यांना तिथं ठेवून विसरून गेले. मंदा कडेवरची गेली ती चौदा वर्षांची होऊन बाहेर आली. गाव सगळं गोंड. खेळायला, भांडायला, चिंचा पाडायला ज्या पोरी होत्या त्या सगळ्या गोंडी बोलणाऱ्या. त्यामुळे मंदाला मराठीच्या आधी गोंडी आली. लग्न ठरलं तेव्हा आमच्या चिमूरकडच्या नातेवाइकांनी हे माझ्यापासून लपवून ठेवलं होतं, जसं काही पोरीला फिट येते. मला कळलं तेव्हा मी इतका खूश झालो की सासऱ्यांना वाटलं, जावयाचं डोकं फिरलंय.

खूश होण्याचं कारण होतं माझी टेप. तरुण वयात कुणाला पत्त्यांचा नाद लागतो, कुणाला पुढारीपणाचा. मला आवाजाचा लागला. वीज केंद्रात माझं काम मीटर, गेज, तारा यांच्याशी, त्यामुळे हाताला यंत्राची सवय. एक चांगला टेपरेकॉर्डर घेतला, एक माईक घेतला, आणि सुटीच्या दिवशी स्कूटरवर गावं पालथी घालू लागलो. आधी आमच्याकडची दंडार, म्हणजे नाचगाण्यांचा खेळ, घेतली, मग जात्यावरच्या ओव्या, मग भाताच्या रोवणीची गाणी. पुढे गडचिरोलीच्या आत शिरलो. तिथं बाया मला बघून पदर तोंडाला लावून बसायच्या, गाणं राहिलं दूर. मंदाला सोबत न्यायला लागलो आणि कुलूप निघाल्यासारखं झालं. ती जाऊन त्यांच्यात फतकल मारून बसायची, कुणाचं तरी मूल मांडीवर घ्यायची, आणि पाचेक मिनिटांत सगळ्या हसायला लागायच्या. मी बाजूला वायरी जोडत असायचो. त्या काय बोलतात ते मला कधी कळलं नाही. मला गोंडी चार शब्दांपलीकडे आली नाही, आणि यायची गरजही पडली नाही, कारण मंदा होती. गावागावांत मला टेपवाले भाऊ म्हणत. मंदाला मंदी म्हणत, नावानं, घरच्या पोरीसारखं.

तिथली एक रीत मंदानं मला पहिल्याच वर्षी बजावून ठेवली होती. मोहाचं गाणं मोहाच्याच दिवसांत म्हणायचं, आणि झाडाखालीच म्हणायचं. पावसाळ्यात कुणी मोहाचं गाणं तोंडातून काढणार नाही, आणि घरात तर नाहीच. झाड रुसतं, पुढच्या वर्षी फूल धरत नाही. मी एकदा तिला म्हटलं, आपल्या क्वार्टरमध्ये कुठलं आलंय झाड, इथं म्हणून दाखवायला काय हरकत आहे. ती म्हणाली, "रीत म्हनजे रीत. झाडाले मालूम पडते." मी हसलो. एरवी ती फार गाण्यातली नव्हतीच, असं मी समजून चाललो होतो. कमी बोलणारी, कामाला वाघ, असंच मी तिचं वर्णन लोकांना सांगत आलो.

आता माझी खोड सांगतो. मला स्वच्छ आवाज लागायचा. गावात टेप केलेलं म्हणजे त्यात काय नसायचं? कोंबडा, खोकला, रडणारं पोर, कुणी कुणाला हाक मारतंय, दोन गाण्यांच्या मधली बायांची कुजबुज. मी रविवारी क्वार्टरच्या पुढच्या खोलीत दोन टेप जोडून बसायचो. एका टेपवर गावातली कॅसेट लावायची, दुसरीवर कोरी. गाणं सुरू झालं की थांबवायचं बटण सोडायचं, संपलं की दाबायचं. मधलं सगळं गाळून फक्त गाणी उतरवून घ्यायची. त्या गावातल्या कॅसेटला मी कच्ची म्हणायचो, आणि उतरवलेली ती पक्की. पक्की झाली की कच्ची पुढच्या गावाला परत वापरायची, म्हणजे तिच्यावरचं सगळं पुसलं जायचं. मंदा चहा घेऊन यायची आणि विचारायची, झाली का सफाई? मी मान डोलवायचो. आमच्या छंदातल्या लोकांत माझ्या कॅसेटचं नाव होतं. एकीवरही खोकला सापडणार नाही, असं मी छाती काढून सांगायचो.

मंदाला जाऊन चौदा वर्षं झाली. काविळीचं निमित्त झालं आणि तीन आठवड्यांत सगळं आटोपलं. तेव्हा आमच्याकडे साधा मोबाईल होता, बोलण्यापुरता. पहिलं वर्ष मी काही ऐकलं नाही. दुसऱ्या वर्षी एकदा तिचा आवाज ऐकावा असं वाटलं आणि कपाट उघडलं. त्यात दोनशेच्या वर कॅसेट. जवळजवळ प्रत्येक कॅसेट भरताना ती माझ्यापासून हातभर अंतरावर बसलेली. एकेक लावून बघितली. गाणं, गाणं, गाणं. सगळं चकचकीत स्वच्छ. मंदा कुठेच नाही. भाचीच्या लग्नाची सीडी आणली. त्यात ती दोन ठिकाणी दिसते, एका ठिकाणी तर चांगली अर्धा मिनिट बोलते, ओठ हलताना दिसतात, पण शूटिंगवाल्यानं वरून सिनेमाचं गाणं चढवलेलं. त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग लक्षात आलं की त्यानं एका लग्नात केलं ते मी वीस वर्षं केलं होतं. अति तिथं माती म्हणतात ती अशी.

माणसाचा चेहरा फोटोत राहतो. आवाज डोक्यात राहतो असं आपल्याला वाटतं, पण तो झिजत जातो. पाच-सहा वर्षांनी मला मंदाचं बोलणं शब्दांनी आठवायचं, आवाजानं नाही. "मोह लागला वाटते" हे वाक्य मी माझ्याच आवाजात ऐकायला लागलो होतो. ज्यानं जन्मभर लोकांचे आवाज जमा केले त्याच्यावर ही पाळी यावी, याचा मला फार राग यायचा. कुणावर काढणार?

गेल्या वर्षी याच दिवसांत फोन आला. जुन्या ध्वनिमुद्रिका, टेप आणि कॅसेट जमवणाऱ्या लोकांचं एक संमेलन असतं, दरवर्षी वेगळ्या गावी. गेल्या वर्षी ते चंद्रपूरला होतं. तुमच्या संग्रहातलं काही ऐकवा, असा आग्रह. मी असल्या ठिकाणी जाणं सोडलं होतं. नाही म्हणणारच होतो, तेवढ्यात फोनवरचे गृहस्थ म्हणाले की नागपूरच्या भास्कररावांचा संग्रहही येणार आहे, त्यांची मुलगी घेऊन येते आहे. भास्करराव म्हणजे संगीताचे मास्तर, माझे या छंदातले जुने दोस्त. ते गेल्याचं मला उशिरा कळलं होतं. फोन ठेवला आणि मला एकदम आठवलं. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी ते माझ्या घरी आले होते, नेमके मी कोसमटोल्याहून मोहाची गाणी घेऊन परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यांना ती हवीच होती, पक्की करायला मला वेळ नव्हता, गाडी चुकत होती. मी म्हटलं, ही कच्चीच घेऊन जा, माझ्याकडं तिथलीच दुसरी भरलेली आहे. म्हणजे या जगात एक कॅसेट अशी होती जिची सफाई झाली नव्हती. मी परत फोन लावला आणि येतो म्हणून कळवलं.

संमेलन एका शाळेच्या सभागृहात होतं. शंभरेक माणसं, बहुतेक माझ्या वयाची, बहुतेकांच्या हातात कापडी पिशव्या. तर्री-पोह्याच्या प्लेटा बाहेर ठेवल्याशिवाय आत सोडत नव्हते, कारण तेलकट हात लागला की रेकॉर्डचं वाटोळं. पुण्याचे, मुंबईचे लोक रेकॉर्ड कडेला बोटं लावून अशी उचलत होते की तान्ह्या बाळाला कुणी तसं धरत नाही. एक गृहस्थ तर सुईच्या टोकावरून दुसऱ्याशी इतके भांडले की दोघांनी जेवायला वेगळी टेबलं घेतली. एप्रिल तोंडावर, चंद्रपूरचं ऊन, आणि चार मोठे कूलर घरघरत होते. कुणी काही ऐकवायला उठला की माईकवरून सूचना यायची, कूलर बंद करा. कूलर बंद. दोन मिनिटांत पाहुण्यांचे सदरे पाठीला चिकटायचे. रेकॉर्ड संपली की टाळ्यांच्या आधी लोक ओरडायचे, लावा, लावा. आमच्याकडच्या लोकांना याची मजा वाटत होती, मलाही थोडी वाटली. पण माझं लक्ष दाराकडे होतं. भास्कररावांची मुलगी दुपारी येणार होती.

माझी पाळी आधी आली. मी तीन गाणी ऐकवली. रेला गाणी होती, बाया गोल धरून म्हणतात तसली, एकीनं उचलायचं आणि बाकीच्यांनी ओढायचं. संपल्यावर एका जाणकारांनी उठून माझं कौतुक केलं. रानात, विजेशिवाय, इतकं स्वच्छ काम त्यांनी पाहिलं नव्हतं म्हणे. टाळ्या पडल्या. मग मागून एक अभ्यासक मुलगी उठली. जीन्स, खांद्याला झोळी, बोलणं अगदी नम्र. तिनं विचारलं, "काका, गाण्याच्या आधी आणि नंतर त्या बायका काहीतरी बोलल्या असतील ना? ते कुठंय?" मी म्हटलं, काढून टाकलं. तिनं वहीत काहीतरी लिहिलं आणि आभार मानून खाली बसली. तिला बिचारीला काय माहीत. मी खुर्चीवर येऊन बसलो, आणि शेजारच्यांनी मला उकाडा बाधला समजून पाणी दिलं.

अनघा, भास्कररावांची मुलगी, जेवणानंतर आली. नागपूरला बँकेत आहे. दोन सुटकेस आणि एक खोकं. मी ओळख सांगितली. तिनं वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, बाबा तुमचं नाव घ्यायचे. बरं वाटलं, पण मी तिला नीट बोलूही दिलं नाही, सरळ खोक्याकडं वळलो. अर्ध्या तासानं सापडली. माझंच अक्षर, निळ्या शाईचं: कोसमटोला, मोह, कच्ची. मी ती हातात घेऊन खुर्चीवर बसून राहिलो. तेव्हा तिनं विचारलं आणि मी तिला सगळं सांगितलं. अनोळखी माणसाला सांगणं सोपं जातं.

कॅसेट वाजण्याच्या अवस्थेत नव्हती. आतला टेप दाबून धरणारा नखाएवढा तुकडा गळून पडलेला, कवच एका बाजूनं वाकलेलं. असल्या वेळी आतल्या दोन्ही चकत्या टेपसकट उचलून दुसऱ्या चांगल्या कवचात बसवायच्या असतात. मी हे शेकडो वेळा केलंय. पुण्याच्या एका गृहस्थांनी आपला बारीक पेचकस दिला, अनघानं खोक्यातली एक कोरी कॅसेट दिली. पाच स्क्रू निघाले. टेप उचलताना मला डोळ्यांनी दिसेना, चष्मा पुसला तरी दिसेना. शेवटी अनघानं माझ्या सांगण्यावरून चकत्या उचलल्या. आजूबाजूला आठ-दहा माणसं वाकून उभी होती. कुणीतरी कूलर बंद केले होते, कुणी सांगितलं नसताना.

पहिली बाजू लावली. खरखर झाली आणि एक लहान मुलगी कविता म्हणू लागली. शाळेतली कविता, मधेच अडखळत, आणि मागून भास्करराव तिला पुढचा शब्द सांगताहेत. अनघाच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली. तिच्या बाबांनी कोरी कॅसेट सापडली नाही म्हणून माझ्या कॅसेटवर लेकीचा आवाज भरून ठेवला होता, आणि तिला ते ठाऊकच नव्हतं. ती रडत होती आणि रडता रडता माझी माफी मागत होती. मी म्हटलं, बाई, तुझं ते तुझं आहे, नीट ऐकून घे. पण खरं सांगतो, त्या क्षणी मला त्या आठ वर्षांच्या पोरीचा हेवा वाटला, रागही आला. पूर्ण बाजू तिचीच होती. एकदा पुसलेलं परत येत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार.

मग दुसरी बाजू. आधी पाखरं. मग सुकलेल्या पानांवर कुणाच्या तरी पायांचा आवाज. मग बायांचा हसण्याचा कल्लोळ, आणि त्या कल्लोळात एक आवाज सगळ्यांच्या वर. मी तो लगेच ओळखला, इतक्या वर्षांत तो आठवता येईनासा झाला होता तरी. थोडा घोगरा, शेवटचा शब्द वर उचलण्याची सवय. मंदा. गोंडीत बोलत होती, भरभर, मधे हसत, मधे कुणाला तरी दटावत. चाळीसेक सेकंद असेल. मग मधेच माझं काहीतरी सूचना देणं येतं, खट्ट होतं आणि गाणं सुरू होतं. त्या बाजूवर पुढे गाणीच गाणी आहेत. मंदा एवढीच. पण मला त्या दिवशी एवढं पुष्कळ होतं. मी ते चाळीस सेकंद चार वेळा लावले. पुण्याच्या गृहस्थांनी पाचव्यांदा माझा हात हळूच धरला, जुना टेप आहे, झिजेल, आधी उतरवून घ्या म्हणाले. अनघानं तिथंच तिच्या लॅपटॉपवर ते उतरवलं आणि माझ्या मोबाईलमध्ये टाकून दिलं. या वेळी मी तिला काहीही कापू दिलं नाही.

पुढचे आठ दिवस मी ते ऐकत होतो. सकाळी चहासोबत, बाजारात जाताना, भाजी निवडताना. माझी मंदा इतकी बोलायची? चाळीस सेकंदांत एवढे शब्द? घरात तर ती हो-नाही वर भागवायची. माझ्याशी ती मराठीत बोलायची आणि मराठी तिची दुसरी भाषा होती, ही साधी गोष्ट मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी सुचली. आणि ती काय बोलतेय हे मला कळत नव्हतं. आयुष्यभर गोंडीतलं मराठीत मला तिनंच सांगितलं होतं. आता तिचंच बोलणं मला सांगायला तीच हवी होती. चंद्रपुरात गोंडी जाणणारे हवे तेवढे मिळाले असते. पण मला परक्याला ऐकवायचं नव्हतं. त्या झाडाखाली त्या दिवशी जी कुणी होती तिला ऐकवायचं होतं.

म्हणून कोसमटोल्याला गेलो. धानोऱ्यापर्यंत बस, पुढे ओळखीच्या एकाची मोटारसायकल. मोहाचा शेवट शेवट चालला होता. वाघाची बातमी होती त्या भागात, त्यामुळे बाया एकट्यादुकट्या न जाता जथ्यानं जात होत्या आणि वेचता वेचता मोठ्यानं बोलत होत्या. रस्त्याच्या कडेला आता मोबाईलचा टॉवर उभा आहे, पण अंगणात बांबूच्या ताटव्यांवर मोह वाळत घातलेला तसाच, आणि वासही तसाच. मला ओळखणारी पोरं कुणी नव्हती. म्हाताऱ्यांनी ओळखलं. टेपवाले भाऊ आले, मंदीचा माणूस आला, असं घराघरांतून गेलं. मंदी गेल्याचं त्यांना माहीत होतं. तरी एक बाई मला बघून माझ्या मागं रस्त्याकडं बघत राहिली, कुणीतरी अजून यायचं राहिल्यासारखी.

सोमीबाई झाडाखाली होती. मंदाची जिवाची मैत्रीण, त्या दिवशीची मुख्य गाणारी. आता पाठ वाकली आहे, बसूनच पुढे सरकत वेचते. मी तिच्यापाशी बसलो. तिच्या दोन सुना आणि आणखी तिघी-चौघी टोपल्या घेऊन जवळ आल्या. मी मोबाईल काढला आणि आधी गाणं लावलं. गाण्याचे शब्द आले तशी सोमीबाई आधी लाजली, मग हसली, "ही मी हाओ," म्हणाली. ज्या ज्या आता नाहीत त्यांची नावं तिनं आवाजावरून एकेक सांगितली. मी तिला म्हटलं, थांब, गाण्याच्या आधीचं ऐक. मंदी काय म्हणते ते मला सांग.

मी सुरुवातीपासून लावलं. मंदाचा आवाज आला आणि सोमीबाईचा हात टोपलीतच थांबला. आवाज संपला तिथं मी मोबाईल थांबवला. मी विचारलं. ती म्हणाली, आधी मंदी आमाले हसवून राह्यली, तुमच्याच नकला करून, वायरी कशा जोडता तुमी ते. मी हसलो. सगळ्याच हसल्या. मग सोमीबाई म्हणाली, "मंग म्हनते, तुमचं झालं का माह्यं बी एक घ्याले सांगतो त्याईले. बुढीनं शिकवलं ते. सालभर थांबलो, आज झाडाखाली हाओ, आज म्हनतोच."

बुढी म्हणजे सोमीबाईची आजी. तिनंच सांगितलं. लहानपणी बाकीच्या पोरी मोह वेचायला जात, गार्डची पोरगी म्हणून मंदाला कुणी कामाला लावत नसे. ती बुढीजवळ बसून राहायची, वाळत घातलेल्या मोहावर ढोरं येऊ नयेत म्हणून राखण करत. बुढी तिला गाणी सांगायची. त्यातलं एक बुढीच्या माहेरचं होतं, दूरच्या गावचं, इथं कुणालाच येत नव्हतं. नातींना ते शिकायला फुरसत नव्हती. मंदीला आलं. मी विचारलं, तुला येतं का? एखादी ओळ? सोमीबाईनं मान हलवली. सुनांकडं बघितलं, त्यांनीही हलवली. वीस वर्षं मी दर सुटीला गाणी शोधत या जंगलात फिरलो होतो, एकेका गाण्यासाठी नदी ओलांडून गेलो होतो, आणि हे गाणं माझ्या घरात माझा डबा भरून देत होतं.

"मंग काऊन नाई घेतलं तुमी?" सोमीबाईनं विचारलं. तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं, की इतक्या दुरून यंत्र घेऊन येणारा माणूस हातचं गाणं कसं सोडून जाईल.

मोबाईल थांबवला होता तिथूनच पुढं लावला. पुढचं मराठीत होतं, ते कुणी कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. माझा तरुणपणचा आवाज, खणखणीत, एक शब्द हरवणार नाही इतका स्वच्छ:

"मंदा, गप राह्य न वो. तुही बडबड येऊन राह्यली मधात."